दिने लोकांची ‘साद’ : नावाहो कविता आणि कथनपरंपरा

न्यू मेक्सिकोच्या सपाट माळावरून एक मोटार धावते आहे. आई गाडी चालवते आहे, धाकटी मुलगी झोपली आहे. फोर्ट समनरकडे वळणारा रस्ता जवळ येतो आणि आईला एका माणसाची गोष्ट आठवते. विजेच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम करणारा हा माणूस काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात याच भागात मुक्कामाला होता. रात्री वाऱ्यातून आणि उडत्या बर्फातून त्याला माणसांचे विव्हळणे ऐकू येऊ लागले. आपण कोठे आहोत हे लक्षात येताच त्याने तिथले काम सोडले. आवाज त्याच्याच पूर्वजांचे होते.

नावाहो कवयित्री ल्युसी टापाहोन्सो यांच्या ‘इन १८६४’ या कवितेचा हा आरंभ. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सानी दाहाताथ्ल’ या संग्रहात ती आहे. ‘स्त्रिया गात आहेत’ असा या शीर्षकाचा अर्थ. कवितेत मोटार आहे, महामार्ग आहे, विजेच्या तारा आहेत आणि त्यांच्या आडून सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे मरण बोलते आहे. नावाहो साहित्यात जुने आणि नवे कसे एकत्र नांदते, ते समजून घ्यायला याहून चांगला नमुना मिळणे कठीण.

नावाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. दिने म्हणजे लोक, माणसे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा स्वायत्त प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाव हिश्श्याएवढा आहे. राजधानी विंडो रॉक. २०२१ मध्ये नोंदणीकृत नावाहोंची संख्या चार लाखांच्या घरात पोहोचली होती. पण दिने माणसाच्या मनातील सीमा सरकारी नकाशातील नव्हेत. पूर्वेला ब्लँका शिखर, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को शिखरे आणि उत्तरेला हेस्पेरस : या चार पवित्र पर्वतांच्या आतला तो देश. प्रत्येक दिशेला तिचा रंग आहे आणि तिचे रत्न. पूर्वेला शुभ्र शिंपला, दक्षिणेला नीलाश्म, पश्चिमेला इंद्रधनुषी छटांचा ॲबलोन शिंपला आणि उत्तरेला काळा जेट. नावाहो कवितेत ‘पांढरा’ किंवा ‘निळा’ असा शब्द आला की तो केवळ रंग सांगत नाही, दिशाही सांगतो. बाहेरच्या वाचकाच्या हातून हे अनेकदा निसटते.

१८६३-६४ च्या हिवाळ्यात किट कार्सनच्या नेतृत्वाखालील अमेरिकन फौजांनी या प्रदेशातील पिके जाळली, मेंढरे मारली. पुढे कॅन्यन द शे या दरीतील पीचच्या बागाही तोडण्यात आल्या. उपासमारीने शरण आलेल्या हजारो लोकांना पाचशे किलोमीटरच्या आसपास पायी चालवत पेकोस नदीकाठच्या बॉस्क रेडोंडो येथे नेण्यात आले. तेथील लष्करी ठाणे म्हणजे फोर्ट समनर. या प्रवासाला इतिहासात ‘लाँग वॉक’ म्हणतात. दिने भाषेत त्या जागेचे नाव ‘हवेल्दी’. ते उच्चारतानाही वृद्ध माणसे अडखळत असत. तेथे दोन हजारांहून अधिक लोक मरण पावले, असे मानले जाते. १ जून १८६८ रोजी करार झाला आणि नावाहो आपल्या भूमीवर परतले. अमेरिकेतील मूलनिवासींच्या इतिहासात अशी घरवापसी फार थोड्यांच्या वाट्याला आली.

टापाहोन्सो यांच्या कवितेचा शेवट मात्र शोकाचा नाही. छावणीत मिळालेल्या पिठापासून स्त्रियांनी तळलेली भाकरी बनवली, ती आज ‘पारंपरिक’ नावाहो भाकरी म्हणून ओळखली जाते. कडक कॉफीची चटक तेथेच लागली. चुण्यांचे लांब घागरे आणि मखमली सदरे तेथूनच आले, आणि त्या मखमलीवर चांदीची नाणी बटणांसारखी टाकली गेली, कारण नाण्यांचा दुसरा काही उपयोग तेव्हा ठाऊक नव्हता. परंपरा म्हणजे अनादि काळापासून जसेच्या तसे चालत आलेले काही तरी, ही समजूत कवयित्री इतक्या हलक्या हाताने मोडीत काढते की वाचकाला ते नंतरच कळते.

गाणारा वैद्य

दिने जीवनदृष्टीचे सार एका शब्दात सांगायचे तर तो शब्द ‘होझो’. सौंदर्य, समतोल, आरोग्य, सुसंवाद हे सारे त्यात येते. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द देणे अवघड आहे. आजार म्हणजे होझो बिघडणे आणि उपचार म्हणजे तो पुन्हा प्रस्थापित करणे. हा उपचार करणाऱ्याला ‘हताथ्ली’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘गायक’. येथे वैद्य गातो आणि गाणे हेच औषध असते. ‘नाइट चँट’ या नावाने ओळखला जाणारा विधी हिवाळ्यात नऊ रात्री चालतो. रंगीत वाळू आणि खनिजांच्या भुकटीने जमिनीवर चित्र रेखाटले जाते, रुग्णाला त्यावर बसवले जाते आणि काम झाले की ते चित्र पुसून टाकले जाते. गायकाने शेकडो गीते अचूक क्रमाने पाठ केलेली असतात. चूक झाली तर गीत निष्प्रभ होतेच, शिवाय अपायही करू शकते, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडील वेदपाठाची आठवण येथे काही वाचकांना होईल.

शब्दाने जग घडते आणि बिघडते, या श्रद्धेमुळे गोष्ट सांगण्यालाही पथ्ये आहेत. ‘माई’ म्हणजे कायोटी, हा कोल्ह्याच्या कुळातील प्राणी नावाहो कथांचा लबाड, खादाड, आगाऊ नायक. पण त्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या. साप आणि अस्वले निजलेली असताना सुरुवात करायची आणि वसंतातील पहिला मेघगर्जनेचा आवाज आला की थांबायचे. दोऱ्याचे खेळही हिवाळ्यातलेच. ते माणसाला कोळी-स्त्रीने शिकवले. विणकामही तिचेच देणे. गोष्ट सांगताना वाक्याच्या शेवटी ‘जिनी’ असा शब्द येतो. ‘असे सांगतात’ हा त्याचा अर्थ. मराठी आजीच्या गोष्टीतील ‘म्हणे’ नेमके हेच काम करते : हे मी पाहिलेले नाही, माझ्या आधीच्यांनी सांगितलेले आहे, जबाबदारी त्यांची आणि श्रेयही त्यांचे.

मग छापील पुस्तकाचे काय? ते तर भर उन्हाळ्यातही उघडता येते. हा प्रश्न नावाहो लेखकांनी वरवरचा मानलेला नाही. अनेक जण पवित्र कथा जशीच्या तशी लिहीत नाहीत. तिचा मागोवा, तिचा ठेका, तिचे चार आवर्तनांचे वळण घेतात आणि आशय आजच्या आयुष्यातला ठेवतात.

तोंडावर मारलेली भाषा

करारात एक कलम शिक्षणाचे होते. त्यातून पुढे जे आले, ती निवासी शाळांची व्यवस्था. १८७९ मध्ये कार्लाइल येथे पहिली मोठी निवासी शाळा काढणारे रिचर्ड प्रॅट यांचे धोरण, माणसातला ‘इंडियन’ मारावा आणि माणूस वाचवावा, असे होते. नावाहो मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली, आईची भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या.

याच भाषेने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हात दिला, हा इतिहासातील एक कडवट विनोद. १९४२ मध्ये २९ नावाहो तरुणांनी मरीन दलासाठी आपल्या भाषेवर आधारित सांकेतिक लिपी तयार केली. रणगाड्याला ‘कासव’, पाणबुडीला ‘लोखंडी मासा’, हातबाँबला ‘बटाटा’. युद्ध संपेपर्यंत अशा ‘कोड टॉकर्स’ची संख्या सुमारे चारशेवर गेली. जपान्यांना ही लिपी फोडता आली नाही. १९६८ पर्यंत ती गोपनीय असल्याने या सैनिकांना घरीही काही सांगता येत नव्हते.

लॉरा टोही यांचे वडील त्यांपैकी एक. वडिलांनी केलेले काम मुलीला उशिराच समजले. पुढे २०१२ साली त्यांनी या सैनिकांच्या मुलाखतींचे ‘कोड टॉकर स्टोरीज’ हे पुस्तक काढले. पण त्यांचे सर्वांत धारदार पुस्तक ‘नो पॅरोल टुडे’ (१९९९) आहे. निवासी शाळेतील दिवसांवरील या संग्रहात प्रॅट यांना उद्देशून लिहिलेले पत्र आहे, पहिल्या यत्तेतील वाचनपाठ आहेत, मुलींच्या वसतिगृहातील चोरटे हसणेही आहे. इंग्रजी वाचनमालेतील डिक आणि जेन ही गोरी, गुटगुटीत भावंडे वाळवंटातील मुलांना काय सांगत होती, हे टोही आक्रोश न करता दाखवतात.

२००८ मध्ये फिनिक्स सिम्फनीने सादर केलेल्या ‘एनिमी स्लेअर’ या वाद्यवृंद-गायन रचनेची संहिताही टोही यांची. संगीत मार्क ग्रे यांचे. दिने पुराणकथेत दोन जुळे वीर राक्षसांचा वध करतात. युद्धावरून परतलेल्या योद्ध्यावर शत्रूच्या मृत्यूची सावली पडते आणि ती काढण्यासाठी विधी असतो. टोही यांचा नायक इराकच्या युद्धातून परतलेला तरुण आहे. त्याचा राक्षस त्याच्या डोक्यात आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि दिने उपचारविधी यांची ही गाठ ओढूनताणून मारलेली वाटत नाही, कारण दोन्हींचा प्रश्न एकच आहे : सैनिक घरी आला, पण तो खरोखर परत आला का?

मामाची कॉफी

टापाहोन्सो १९५३ साली शिपरॉक येथे जन्मल्या. अकरा भावंडांचे कुटुंब, घरात बोलणे दिने भाषेत. न्यू मेक्सिको विद्यापीठात लेस्ली मार्मन सिल्को या नामवंत कादंबरीकार शिक्षिका म्हणून लाभल्या आणि त्यांनीच त्यांना लिहिते केले. ‘वन मोअर शिपरॉक नाइट’ हा पहिला संग्रह १९८१ चा. २०१३ मध्ये नावाहो राष्ट्राने आपले पहिले राजकवीपद त्यांना दिले. २०१५ मध्ये ते टोही यांच्याकडे आले.

‘हिल्स ब्रदर्स कॉफी’ ही त्यांची कविता एका मामाची आहे. मातृवंशीय दिने समाजात आईच्या भावाचे स्थान मोठे. हा मामा घरी येतो आणि कॉफीविषयी बोलतो; डब्यावर झगा घातलेला माणूस असतो ना, ती कॉफी त्याला आवडते. एवढेच. पण हे बोलणे इंग्रजीत असूनही इंग्रजी नाही. शब्दांची ठेवण, थांबणे, मिस्कीलपणा सारे दिने भाषेतून आलेले आहे. आपल्या अनेक कविता आधी दिने भाषेत सुचतात, असे त्यांनी सांगितले आहे.

त्या भाषेत ‘मला कॉफी दे’ हे सोपे वाक्यही सोपे नसते. देणे-घेणे, उचलणे-ठेवणे या क्रियांसाठी वस्तूच्या आकारानुसार क्रियापद बदलते. कॉफी पेल्यात असेल तर एक, पिशवीत भरलेली असेल तर दुसरे, एकच दाणा असेल तर तिसरे. क्रियापदातूनच चित्र उभे राहते. भाषा उसने शब्द फारसे घेत नाही. आहे त्या धातूंतून नव्या वस्तूचे वर्णन करते. मोटारीला ‘चिदी’ म्हणतात, तो जुन्या इंजिनाचा आवाज आहे, असे सांगितले जाते. इंग्रजी अनुवादात यातले किती उरणार?

रेक्स ली जिम यांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकलेला, रॉक पॉइंटचा हा कवी दिने भाषेतच लिहितो. त्यांच्या १९९५ च्या संग्रहाचे नाव ‘साद’. दिने भाषेत साद म्हणजे शब्द, भाषा. मराठी वाचकाला हा योगायोग सुखावणारा आहे. पुस्तकात इंग्रजी अनुवाद नाही. ज्याला वाचायचे त्याने भाषा शिकावी. उंदराचे दिने नावच चुटूचुटू चोखण्याच्या आवाजातून झालेले आहे. असल्या नादांशी खेळत जिम चार-पाच ओळींत कविता संपवतात. १९९८ मध्ये त्यांच्या कवितांची दिने, आयरिश आणि इंग्रजी अशी तीन भाषांतील आवृत्ती निघाली. एका कोपऱ्यात ढकललेल्या भाषेने दुसरीला दिलेला हा हात. २०११ ते २०१५ या काळात जिम नावाहो राष्ट्राचे उपाध्यक्ष होते. ते पारंपरिक उपचारही करतात.

दिने भाषा बोलणाऱ्यांची संख्या दीड लाखांहून अधिक, म्हणजे अमेरिकेच्या मूळ भाषांत सर्वांत मोठी. तरीही चित्र निर्धास्त नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शाळेत येणारी बहुतेक नावाहो मुले दिने बोलत होती; आता तसे राहिलेले नाही. १९६८ साली स्थापन झालेले, आजचे दिने कॉलेज, १९८६ पासून दिने भाषेत बोलणारे केटीएनएन हे रेडिओ केंद्र, २०१३ मध्ये विंडो रॉक येथे दाखवलेली दिने भाषेतील ‘स्टार वॉर्स’ ही त्याच काळजीची वेगवेगळी रूपे.

पाणी, रेल्वे आणि गॅलप

एस्थर बेलिन यांचे आई-वडील कॅलिफोर्नियातील निवासी शाळेत शिकले आणि त्या लॉस एंजेलिस परिसरात वाढल्या. १९९९ च्या ‘फ्रॉम द बेली ऑफ माय ब्यूटी’ या संग्रहात शहरातील नावाहो मुलगी बोलते. चार पर्वतांपासून दूर असताना दिने कसे राहायचे, हा तिचा पेच स्थलांतरितांना ओळखीचा वाटेल.

शेर्विन बिट्सुई यांची कविता याहून अवघड. ‘शेपशिफ्ट’ (२००३) नंतरचे ‘फ्लड साँग’ (२००९) हे पुस्तकभर वाहणारे एकच दीर्घ गीत आहे आणि त्याला अमेरिकन बुक ॲवॉर्ड मिळाले. पहिल्या पानावर पाणी या अर्थाचा दिने शब्द थेंबाथेंबाने खाली ठिबकतो. त्या शब्दाचा नाद नळाच्या टपटपीचा आहे, आणि गंमत अशी की नावाहो प्रदेशातील सुमारे तीस टक्के घरांत नळच नाही. गंमत हा शब्द येथे खरे तर वापरू नये. लोक पिंप भरून ट्रकमधून पाणी आणतात. १९४४ ते १९८६ या काळात युरेनियमच्या शेकडो खाणी चालल्या. जुलै १९७९ मध्ये चर्च रॉक येथील बांध फुटून सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी पाणी प्युर्को नदीत गेले. २०२० च्या मे महिन्यात दरडोई कोरोनाबाधितांच्या प्रमाणात नावाहो प्रदेशाने न्यूयॉर्क राज्यालाही मागे टाकले. हात धुवायला पाणी नसणे हे त्याचे एक कारण सांगितले गेले. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : १८६८ च्या करारानुसार नावाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन सरकारवर नाही.

जेक स्कीट्स यांच्या कवितेत गॅलप हे शहर आहे. नावाहो प्रदेशात मद्यविक्रीला बंदी असल्याने सीमेवरील या गावात दारूसाठी जाणे, आणि थंडीत रस्त्याकडेला मरून पडणे, हे तेथे नवे नाही. त्यांच्या २०१९ च्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर रिचर्ड ॲव्हडन या ख्यातनाम छायाचित्रकाराने १९७९ मध्ये गॅलपला टिपलेले एका तरुणाचे छायाचित्र आहे. छायाचित्राच्या मूळ मथळ्यात त्याला ‘भटक्या’ म्हटले होते. तो कवीचा मामा-काकांपैकी एक होता. जगाने कलादालनात पाहिलेला अनोळखी चेहरा पुतण्याने घरी आणला. पुस्तकात हिंसा आहे, तसे पुरुषाचे पुरुषावरील प्रेमही आहे, आणि रूळ, कोळसा, रानफुले आहेत. २०२३ मध्ये स्कीट्स नावाहो राष्ट्राचे तिसरे राजकवी झाले.

गोष्ट कोणाची?

दिने गीते लिहून घेणारे पहिले महत्त्वाचे संशोधक वॉशिंग्टन मॅथ्यूज हे फौजेतील डॉक्टर होते. ‘नावाहो लेजंड्स’ (१८९७) आणि ‘द नाइट चँट’ (१९०२) ही त्यांची पुस्तके आजही वापरली जातात. त्यातील एका प्रार्थनेवरून किओवा लेखक एन. स्कॉट मोमाडे यांनी आपल्या ‘हाउस मेड ऑफ डॉन’ या कादंबरीचे नाव घेतले आणि १९६९ चे पुलित्झर तिला मिळाले. टोनी हिलरमन या गोऱ्या पत्रकाराने १९७० पासून नावाहो पोलिसांच्या रहस्यकथा लिहिल्या. १९८७ मध्ये नावाहो राष्ट्राने ‘विशेष मित्र’ म्हणून त्यांचा गौरवही केला.

मात्र याच वाटेवर फसवणूकही झाली. ‘नॅसडिज’ या नावाने एका नावाहो म्हणवणाऱ्या लेखकाची हृदयद्रावक आत्मकथने २००० पासून गाजू लागली. जानेवारी २००६ मध्ये ‘एलए वीकली’ने उघड केले की हा लेखक टिमोथी बॅरस नावाचा गोरा माणूस आहे. खऱ्या नावाहो लेखकांना प्रकाशक मिळत नसताना खोट्या नावाहोला मिळत होते, ही त्यातील खरी जखम. २०१८ मध्ये रिबेका रोनहॉर्स यांच्या ‘ट्रेल ऑफ लाइटनिंग’ या अद्भुत कादंबरीवर वाद झाला. दिने पुराणपुरुष आणि पवित्र कथा तीत मनोरंजनासाठी वापरल्या आहेत, असा आक्षेप ‘साद बी होझो’ या दिने लेखकांच्या गटाने जाहीर पत्रातून घेतला. कादंबरीला वाचक आणि पुरस्कार दोन्ही मिळाले होते. लेखिकेची बाजू घेणारे नावाहो वाचकही होते. कल्पनेला कुंपण असावे का, हा प्रश्न सोपा नाही. पण ज्यांच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगितल्या जात नाहीत, त्यांनी तो विचारणे समजण्याजोगे आहे.

२०२१ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने ‘द दिने रीडर’ हा संग्रह काढला. नावाहो साहित्याचा हा पहिला व्यापक संग्रह. संपादक बेलिन, जेफ बर्गलंड, कॉनी जेकब्स आणि नावाहो काव्याचे अभ्यासक अँथनी वेब्स्टर. प्रस्तावना बिट्सुई यांची. निवासी शाळेतील मुलांच्या लेखनापासून आजच्या कवींपर्यंत सारे त्यात एका रांगेत आले आहेत. २०२२ मध्ये त्याला अमेरिकन बुक ॲवॉर्ड मिळाले. संग्रहात शिक्षकांसाठी साहाय्यक सामग्रीही दिलेली आहे, कारण तो वर्गात वाचला जावा अशी संपादकांची इच्छा होती.

काव्यवाचनाला उभा राहिलेला दिने कवी आधी आपली चार कुळे सांगतो : आईचे, वडिलांचे, आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे. श्रोत्यांत त्याच कुळाचे कोणी असेल तर ते दोघे त्या क्षणी नातेवाईक होतात. मग कविता सुरू होते.